अजाइलमध्ये काही लिहायचंच नसते म्हणे
अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत बनवायची पद्धत, त्यात रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरनं काय काय करायचं ते) लिहायच्याच नाही, हे कोणी पसरवलं बाप्पा? अजाइलच्या 2001 च्या जाहीरनाम्यात याबद्दल एवढंच आहे की जाडजूड डॉक्युमेंटपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, अन् खाली स्पष्ट लिहून ठेवलंय की डॉक्युमेंटलाही किंमत आहेच, पण तेवढं खाली कोणी वाचतच नाही. जुन्या पद्धतीत सगळं आधीच लिहून सही घेतात, इथं थोडं थोडं, कामाच्या तोंडावर. आता समजा यवतमाळकडच्या जिनिंगच्या वजनकाट्याचं ॲप करायचंय, तर स्टोरी (वापरणाऱ्याले काय पाहिजे ते) एका ओळीची, 'शेतकऱ्याले कापसाचं निव्वळ वजन मोबाईलवर दिसावं', पण भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा, ओलाव्याची कपात कशी धरायची, पावती कधी रद्द होते, हे ॲक्सेप्टन्स क्रायटेरियात, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी मानायचं त्या अटींत, लिहावंच लागते, नाहीतर पहिल्याच दिवशी काट्यावर भांडणं.