मागे जायचं तर पुढचा नंबर लावा

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर. २०२४ च्या मार्चमध्ये त्याला एक गोष्ट खटकली: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालणाऱ्या त्याच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या वाटेने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. आपल्यापैकी बहुतेकांनी नेटवर्कला चार शिव्या घालून काम पुढे रेटलं असतं. तो मात्र खणत गेला. फायली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक साधंसुधं पॅकेज, म्हणजे मशीनवर टाकायचा बांधून ठेवलेला प्रोग्राम, आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट ठेवली होती. २९ मार्चला त्याने हे जाहीर केलं.

उपाय सोपा वाटतो: जुनी, चांगली आवृत्ती परत टाका. पण घोडं अडतं ते इथेच. पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे पॅकेज मॅनेजरला, चांगलं-वाईट कळत नाही, त्याला फक्त नंबर कळतो. मशीन जिथून पॅकेजं घेतात त्या भांडारात जुनं ५.४.५ ठेवलं, की ५.६.१ असलेली मशीन म्हणणार, 'माझ्याकडे याहून नवं आहे', आणि चोरवाटेसकट ढिम्म बसून राहणार.

म्हणून डेबियनने जे नवं पॅकेज आणलं त्याचा नंबर होता '५.६.१+रिअली५.४.५'. 'रिअली' म्हणजे 'खरं तर'. पाटी ५.६.१ च्या पुढची, आत माल ५.४.५ चा. नंबर मोठा दिसल्यामुळे सगळ्या मशीननी तो निमूटपणे 'अपग्रेड' म्हणून घेतला.

दुसरी युक्ती 'इपॉक'ची. नंबराच्या आधी '१:' लावलं की ते पॅकेज कुठल्याही साध्या नंबरापेक्षा मोठं ठरतं. पण हा शिक्का एकदा लागला की पुसता येत नाही. डेबियनमधल्या 'व्हिम' या एडिटरच्या नंबरापुढे आजही '२:' असतं. 'रिअली' निदान पुढची खरी आवृत्ती आली की आपोआप गळून पडतं. मे २०२४ अखेर स्वच्छ ५.६.२ आली, म्हणजे त्या वाकड्या नंबराला वाट मोकळी झाली.

एकाच मशीनवर हाताने मागे जाता येतं. फेडोरासारख्या लिनक्सच्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरमध्ये त्यासाठी 'डाउनग्रेड' अशी सरळ आज्ञाच आहे. पण प्रोग्राम मागे गेला तरी त्याने लिहिलेला डेटा मागे जात नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० ने आपल्या डेटाची अंतर्गत नोंदवहीच बदलली, ५.७ ला ती वाचता येत नाही. तिथे परतीची वाट एकच: अपग्रेडच्या आधी घेतलेला बॅकअप. तो नसेल तर मग देवच वाली.

पॅकेज काढून टाकणं तरी सोपं असेल? डेबियनमध्ये 'रिमूव्ह' केल्यावरही कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फायली मागे राहतात आणि यादीत त्या पॅकेजपुढे 'आरसी' अशी खूण दिसते: भाडेकरू गेला, सामान खोलीतच. तेही हवं नसेल तर 'पर्ज' करावं लागतं.

खरी गंमत पपेटसारख्या, कुठल्या सर्व्हरवर काय असावं याची यादी वाचून तसं करणाऱ्या साधनाने चालवलेल्या सर्व्हरवर. एकदा मी एका सर्व्हरवरून टेलनेट (दुरून लॉगिन करायचा जुना प्रोग्राम) हाताने काढलं, चहा पिऊन आलो, तर ते परत हजर. पपेट मुळातच दर अर्ध्या तासाने येऊन यादी ताडून बघतो, आणि टेलनेट यादीत होतं. मग यादीतली ओळच खोडली. तर उरलेल्या सर्व्हरवर टेलनेट होतं तसंच राहिलं, कारण ओळ खोडण्याचा अर्थ 'काढ' असा होत नाही, 'याकडे बघू नकोस' एवढाच होतो. शेवटी लिहावं लागलं: टेलनेट, 'ॲबसेंट' (गैरहजर). नसलेल्या वस्तूची नोंद, ती नाही म्हणून.

ती ओळ आमच्या फायलीत अजून आहे. पॅकेज आता एकाही सर्व्हरवर नाही, पण एखादं जुनं मशीन कुठेतरी बंद पडलेलं असेल आणि उद्या कुणी ते चालू करील, या भीतीने ओळ काढायला कुणी धजत नाही.