कोकण किनाऱ्यावरचे ख्रिस्ती पंथ : कोण कुठून आले

वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (मुख्य पूजाविधी) होते, मुंबईच्या मराठी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) चर्चमध्ये उपासना. तिथे फादर, इथे पाळक. तिथे बाळाचा स्नानसंस्कार, इथे त्याच विधीला बाप्तिस्मा. फादर अविवाहित असतात, पाळकांना संसार करता येतो. बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, कारण ‘ख्रिश्चन’ म्हणजे सगळे एकच असं आपण धरून चालतो. या किनाऱ्यावर पंथ आले ते मात्र ज्याची गलबतं जिथे लागली त्या हिशेबाने.

सर्वांत जुनी खूण पूर्वेकडच्या, म्हणजे इराणच्या चर्चची. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी ‘कल्याणा’ बंदरात इराणात दीक्षा मिळालेला बिशप असल्याचं नोंदवतो. हे आपलंच कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (रोमन कॅथलिक संघाचे) साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेकडच्या चर्चच्या कुटुंबाकडे. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या नेस्टोरियसची शिकवण बिशपांच्या एफेसस परिषदेने ४३१मध्येच पाखंड ठरवली होती. तरी परमुलखात रोमच्या साधूंना आसरा मिळाला तो त्याच परंपरेच्या घरात. ही गोष्ट विसरू नये.

१५३४मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि कुपारी, वाडवळ, कोळी वस्त्यांत रोमन कॅथलिक पंथ रुजला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, श्रद्धा राहिली. खरा गोंधळ त्याआधीच सुरू झाला होता. बिशप नेमायचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा (पाद्रोआदो), की रोमने १६२२मध्ये स्थापलेल्या, मिशनकार्य पाहणाऱ्या प्रोपागंडा या खात्याचा? इंग्रजांनी १७२०मध्ये मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून प्रोपागंडाच्या बाजूचे कार्मेलाइट साधू आणले. १७९४मध्ये मुंबईची चर्चंच दोन बाजूंत वाटली गेली. मिस्सा तीच, पोप तोच, बिशप मात्र दोन. १९२८च्या करारापर्यंत हे चाललं. याला कोणी पंथभेद म्हणत असेल तर ते चूक आहे. भांडण नेमणुकीचं होतं. ‘ईस्ट इंडियन’ हाही पंथ नव्हे. नोकरीसाठी आलेल्या गोवेकर-मंगळूरकरांहून आपण इथले वेगळे, हे कळावं म्हणून स्थानिक कॅथलिकांनी १८८७मध्ये घेतलेलं ते समाजाचं नाव.

रोमच्या पोपचा अधिकार न मानणारे प्रोटेस्टंट आले १८१३मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनबरोबर, आणि १८२३पासून स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर बाणकोट-हर्णैला. त्यांचा भर शाळांवर आणि मराठी बायबलवर. त्यांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३. त्यामुळे दुकानातून प्रत घेताना हे विचारावंच लागतं. संस्कार ते दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कॅथलिक सात. कॅथलिकांची मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५), तोवर लॅटिन. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली) आणि इतर पाच प्रोटेस्टंट मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आल्या, तेच सीएनआय. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्या त्यात नाहीत. त्या जाणत्या वयातच आणि पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात.

केरळहून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८मध्ये धर्मप्रांत झाला तो कल्याणच्या नावाने. पोप रोमचा, पूजाविधी मात्र पूर्व सिरियन परंपरेचा.