ओमिवा देवस्थान

शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे एक अतिप्राचीन देवस्थान. ते नारा प्रांतातील साकुराई शहरात, मिवा डोंगराच्या पायथ्याशी आहे. जपानी लोकांना ते चांगले परिचित असले, तरी क्योतो-नाराची देवळे पाहून परतणारे परदेशी प्रवासी इथवर क्वचितच येतात. देवता ओमोनोनुशी.

शिंतो देवळात सहसा पुढे प्रार्थनागृह आणि मागे भाविकांना बंद असलेला गाभारा असतो. ओमिवाला गाभाराच नाही. प्रार्थनागृहामागे ४६७ मीटर उंचीचा, सुगी (जपानी सीडर) आणि पाइनच्या झाडीने झाकलेला मिवा डोंगर आहे आणि लोक हात जोडतात ते त्यालाच. सध्याचे प्रार्थनागृह १६६४ साली शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएत्सुना याने बांधवले. त्यामागे एकमेकींना जोडलेल्या तीन तोरिई कमानी आहेत; त्यांच्या पलीकडे पाऊल टाकायला आजही मनाई आहे.

मेजी काळापूर्वी (१८६८च्या आधी) सामान्यांना डोंगर चढता येत नसे. आता साई या उपदेवळात नाव नोंदवून, घुंगरू लावलेला पांढरा पट्टा गळ्यात घालून वर जाता येते. वाटेत खाणे आणि छायाचित्रे काढणे वर्ज्य आहे. माथ्यावर देव उतरतो असे मानलेले खडक आहेत.

‘कोजिकी’ (इ. स. ७१२) या ग्रंथातली कथा अशी : एका मुलीकडे रोज रात्री एक देखणा अनोळखी तरुण येई. आईबापांच्या सांगण्यावरून तिने त्याच्या वस्त्राच्या काठाला सुईने तागाचा दोरा अडकवला. सकाळी पाहिले तर दोरा दाराच्या भोकातून बाहेर गेलेला आणि घरात उरलेले तीनच वेढे. दोऱ्याचा माग मिवा डोंगराच्या देवस्थानापाशी संपला. ‘मि-वा’ म्हणजे तीन वेढे. नावाची ही व्युत्पत्ती कथेसाठीच जुळवलेली वाटते, पण गोड आहे. ओमोनोनुशीचे रूप सर्पाचे मानतात. म्हणून आवारातल्या जुन्या सुगी वृक्षासमोर भाविक कच्ची अंडी आणि साके (तांदळाची दारू) ठेवतात.

सम्राट सुजिनच्या काळातली साथ या देवाच्या पूजेने शमली, अशी आख्यायिका आहे. फुले गळू लागली की त्यांच्याबरोबर रोगराईही पसरते, या जुन्या समजुतीतून १८ एप्रिलचा ‘फुले शांत करण्याचा’ उत्सव आला. त्यात लिलीचे कंद आणि हनीसकलची वेल वाहतात. दोन्ही वनस्पती औषधी असल्याने औषधनिर्मातेही हजेरी लावतात.

साके गाळणारे ओमोनोनुशीला आपला देव मानतात. १४ नोव्हेंबरला त्यांचा उत्सव असतो. त्यासाठी प्रार्थनागृहाच्या छताखाली सुगीच्या डहाळ्या बांधून कातरलेला हिरवागार गोळा टांगतात. असेच गोळे देशभरच्या साकेच्या भट्ट्यांवरही दिसतात. दारात हिरवा गोळा लागला की नवी साके तयार झाली असे समजायचे. महिन्यांमागून महिने तो तपकिरी होत जातो आणि आत साके मुरत असते.