डेक अधिकारी (व्यापारी जहाजांवरील)

व्यापारी जहाजाचे मार्गक्रमण, मालाची चढउतार, जहाजाचा समतोल आणि त्यावरील माणसांची सुरक्षितता यांची जबाबदारी सांभाळणारा अधिकारीवर्ग. कॅप्टन (कायद्याच्या भाषेत मास्टर), चीफ ऑफिसर, सेकंड ऑफिसर व थर्ड ऑफिसर ही त्याची प्रचलित उतरंड होय. कॅडेट हा उमेदवार असतो, अधिकारी नव्हे. इंजिनविभागाची श्रेणी स्वतंत्र असली, तरी तिच्यावरही हुकमत कॅप्टनचीच चालते.

जहाजाचा प्रमुख आणि वाट दाखवणारा ही एकच व्यक्ती असे, असे पूर्वी सर्वत्र नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या ‘आईन-इ-अकबरी’त जहाजावरील माणसांची जी यादी आहे, तीत नाखुदा मालक म्हणून येतो, समुद्राची खोली व ग्रहतारे जाणून जहाज नेणारा मालीम निराळा, आणि टंडेल, सारंग त्यांच्या हाताखाली. नाखुदा प्रत्यक्ष मालक, मालकाचा मुखत्यार की केवळ कप्तान, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काळ व बंदर यांनुसार त्याचे स्थान बदलत असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनमध्ये मास्टर व मेट (मास्टरच्या हाताखालील डेक अधिकारी) यांच्या ऐच्छिक परीक्षा १८४५ मध्ये सुरू झाल्या आणि १८५० च्या कायद्याने परदेशगामी जहाजांवर प्रमाणपत्र सक्तीचे झाले.

सध्याची पात्रता १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू (दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांविषयीच्या) या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेली आहे. त्याची अंमलबजावणी १९८४ पासून होत असून १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठे फेरबदल झाले. प्रमाणपत्र आणि हुद्दा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मास्टरचे प्रमाणपत्र असलेला अधिकारी चीफ ऑफिसर म्हणून काम करताना आढळणे नेहमीचेच. जहाज ताब्यात देणे न देणे कंपनीच्या हाती असते.

चीफ ऑफिसरकडे माल, बॅलास्ट (समतोलासाठी टाक्यांत घेतलेले पाणी), स्थिरतेची गणिते आणि डेकची देखभाल असते. नकाशे व सफरीचा आराखडा सेकंड ऑफिसर पाहतो. जीवरक्षक व अग्निशामक साधने बहुधा थर्ड ऑफिसरकडे असतात. रेडिओ ऑफिसर हे पद जीएमडीएसएस ही संदेशयंत्रणा १९९९ मध्ये पूर्णपणे लागू झाल्यावर बहुतेक जहाजांवरून गेले व ते काम डेक अधिकाऱ्यांकडे आले.

पहाऱ्यांची (वॉच) वाटणी हा विशेष चर्चेचा विषय आहे. शिडांच्या जहाजांवर दोनच पाळ्या असत : डावीकडील मेटची, उजवीकडील कॅप्टनची, पण दुसरी प्रत्यक्षात सेकंड मेट सांभाळी. पुढे तीन पाळ्या रूढ झाल्या, तेव्हा ४ ते ८ चीफ ऑफिसरकडे, ८ ते १२ थर्डकडे आणि १२ ते ४ सेकंडकडे (प्रत्येक पाळी दिवसातून दोनदा) अशी विभागणी स्थिरावली. चीफ ऑफिसरला ४ ते ८ का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहाटे व तिन्हीसांजेला तारे आणि क्षितिज एकदमच दिसतात आणि सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजता येते. तो मान अनुभवी अधिकाऱ्याचा, हे एक. दुसऱ्यानुसार, दिवसभर डेकच्या कामावर देखरेख करण्यास तो मोकळा राहावा, हा हेतू होता. उपग्रहांवरून स्थान कळू लागल्यावरही ही वाटणी अनेक जहाजांवर टिकून आहे, यावरून दुसरे कारण निदान आज तरी अधिक वजनदार म्हणावे लागते. थर्ड ऑफिसरच्या पाळीबाबत मात्र वाद नाही : त्या वेळी कॅप्टन जागा असतो.

कॅप्टन ब्रिजवर (जहाज जेथून चालवले जाते त्या कक्षात) आला म्हणून पहाऱ्यावरील अधिकाऱ्याची जबाबदारी संपत नाही. ‘आता मी सूत्रे घेतली’ असे कॅप्टनने स्पष्ट सांगावे लागते व ते दोघांनाही कळलेले असावे लागते. तसेच पायलट (स्थानिक पाण्याची वाट दाखवणारा जाणकार) जहाजावर चढल्यानेही कॅप्टन जबाबदारीतून सुटत नाही. पनामा कालव्यात जहाजाचे चालन पायलटच्या ताब्यात जाते, हा प्रसिद्ध अपवाद.

लहान किनारी जहाजांवर कॅप्टन आणि एकच मेट असतात आणि ते सहा-सहा तासांनी आळीपाळीने पहारा करतात. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांतीचा नियम तेथेही लागू आहे. बंदरातील कामे वाढली की तो पाळणे तेथेच सर्वांत अवघड जाते.