पहिल्या दिवशी घट्ट, चौथ्या आठवड्यात नाजूक
(आमच्या दवाखान्यात इम्प्लांट, म्हणजे नवा दात लावण्यासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवून घेणाऱ्यांसाठी)

"डॉक्टर, स्क्रू घट्ट बसलाय म्हणता, मग दात आजच का नाही लावत?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो. खुर्चीत तोंडाला भूल असताना नीट उत्तर ऐकणं होत नाही, म्हणून हा कागद घरी न्या.

पहिल्या दिवशीचा घट्टपणा भिंतीत पिळलेल्या स्क्रूसारखाच असतो. हाडाने त्याला नुसतं दाबून धरलेलं असतं. पुढच्या काही आठवड्यांत भोकाच्या कडेचं दुखावलेलं हाड शरीर काढून टाकतं आणि त्या जागी नवीन भरतं. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी अजून कच्ची, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. गंमत अशी, की तोवर टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं आणि पेशंट नेमका तेव्हाच त्या बाजूने चिक्की फोडतो. या काळात स्क्रू हलत राहिला तर हाडाऐवजी भोवती मऊ तंतूंचा थर धरतो, आणि मग तो काढावाच लागतो.

टायटॅनियमची हाडाशी गट्टी जमते, हे कळलं तेही दुसरंच काही शोधताना. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. तेव्हाचे स्क्रू लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत असत. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे.

तो काळ आता कमी झालाय, तो मुख्यतः पृष्ठभागामुळे. गिलावा धरावा म्हणून गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तसंच काहीसं इथे केलेलं असतं. स्क्रूवर आधी जाडसर कणांचा मारा करतात, मग तो आम्लात बुडवतात. त्यातून येणारा खडबडीतपणा एक-दोन मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीपुढे अगदीच किरकोळ. पण रक्ताच्या गुठळीचे धागे त्याला घट्ट धरतात, आणि त्या धाग्यांवरून हाड तयार करणाऱ्या पेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात. मग हाड भोकाच्या भिंतीकडून तर येतंच, शिवाय स्क्रूच्या अंगावरूनही वाढू लागतं. काही नवे पृष्ठभाग पाणी ओढून घेणारे असतात. कुपीतून काढलेला पाटीच्या रंगाचा असा स्क्रू हाडाला टेकला, की रक्त आपोआप त्याच्या आट्यांवर चढताना दिसतं. म्हणूनच आम्ही त्याला ग्लोव्ह घातलेलं बोटही लावत नाही.

मग जितका खडबडीत तितका चांगला? नाही. हिरडीचे तंतू खऱ्या दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बहुतेक समांतर किंवा गोल फिरतात, त्यामुळे तिथलं कुंपण मुळातच कमकुवत. खडबडीत भाग उघडा पडला तर त्यावर कीटण बसतं आणि ते निघता निघत नाही. त्यासाठीच हिरडीतून बाहेर येणारा भाग गुळगुळीत ठेवलेला असतो. तरी घासायचं काम तुमचंच.

"चार आठवड्यांत दात" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड टणक असेल तर कधीकधी ते जमतं. वरच्या दाढांकडचं हाड मात्र थर्माकोलसारखं मऊ असू शकतं. तिथे कितीही महागडा स्क्रू असला तरी आम्ही घाई करत नाही.

तंबाखू, मिश्री, विडी, न आवरलेली शुगर यांच्यापुढे कुठलाही पृष्ठभाग फारसं काही करू शकत नाही. हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर नको.

तुमच्या स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर आम्ही एका कार्डावर चिकटवून देतो. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी वरची कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लागेल हे त्या कार्डावरूनच कळेल. ते आधार कार्डासोबत ठेवा.