किडनीचा रिपोर्ट बघून पुढचं किती कळतं? (आमच्या लॅबच्या पेशंट मंडळींसाठी)

रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "क्रिएटिनीन १.६ आलंय, आता डायलिसिस लागणार का हो?" आणि विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की काउंटरवरच्या मुलीलाही काय बोलावं सुचत नाही. म्हणून हे लिहून ठेवलंय, निवांत वाचा. एका क्रिएटिनीनवरून पुढचं कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण ब्लडचे दोन-तीन आकडे, लघवीची एक साधी टेस्ट आणि तुमचे जुने रिपोर्ट एकत्र ठेवले तर पुढच्या दोन ते पाच वर्षांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. गंमत म्हणजे यातली लघवीची टेस्ट आणि जुने रिपोर्ट याच दोन गोष्टी लोक आणत नाहीत.

आधी क्रिएटिनीनचं बघू. हे आपल्या स्नायूंमधून रोज तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, किडनी मंदावली की ते रक्तात साठतं. अडचण अशी की ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनीन मुळातच जास्त आणि बारीक म्हाताऱ्या माणसाचं कमी. म्हणून आता रिपोर्टवर खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगानं गाळतेय याचा अंदाज, छापून येतो, त्यात वय आणि स्त्री-पुरुष धरून हिशोब केलेला असतो, आम्ही २०२१ चा सीकेडी-ईपीआय फॉर्म्युला वापरतो. उदाहरण बघा, क्रिएटिनीन १.१ म्हटलं की सगळे म्हणतात नॉर्मल आहे. २८ वर्षांच्या मुलाला १.१ म्हणजे ईजीएफआर ९४ च्या आसपास, खरंच काही काळजी नाही. पण ६८ वर्षांच्या आजींना तोच १.१ आला तर ईजीएफआर ५५ येतो, आणि तो तीन महिन्यांनी परत केल्यावरही ६० च्या खालीच राहिला तर त्याला सीकेडी म्हणतात, म्हणजे किडनीचा जुनाट आजार. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात काही आलं नाही म्हणून आजींचा कागद घडी घालून कपाटात जातो, आणि हे आम्ही वारंवार बघतो.

उलटंही होतं. जिमला जाणारा, क्रिएटीनची पावडर घेणारा मुलगा, आदल्या रात्री मटणावर ताव मारलेला, सकाळी टेस्ट, क्रिएटिनीन १.४, घरात रडारड. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट कामाला येते. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात त्यामुळे स्नायूंचा फारसा फरक पडत नाही, आणि क्रिएटिनीनसोबत जोडून काढलेला ईजीएफआर नुसत्या क्रिएटिनीनपेक्षा जास्त अचूक येतो, केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या संस्थेच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही तसंच सांगितलंय. मात्र स्टिरॉइड चालू असेल, थायरॉइडचा त्रास असेल, सिगारेट ओढत असाल किंवा वजन फार असेल तर सिस्टॅटिनही हलतं, तेव्हा हे आधी सांगा. ही टेस्ट आमच्याकडे होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवतो, स्वस्तही नाही, त्यामुळे डॉक्टरांनी लिहिली असेल तरच करा.

आता मुख्य मुद्दा, लघवीचा. एसीआर म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किती गळतंय ते क्रिएटिनीनच्या प्रमाणात मोजणं. ३० च्या आत चांगलं, ३० ते ३०० मध्ये गळती सुरू झालीय, ३०० च्या वर जास्तच. विषय ब्लडचा असताना लघवी मध्येच कुठून आली असं वाटेल, पण ब्लडच्या आकड्याला भविष्याच्या दृष्टीनं खरी किंमत ह्या टेस्टमुळेच येते. कॅनडातल्या डॉ. तंगरी आणि त्यांच्या टीमनं २०११ मध्ये एक फॉर्म्युला मांडला, किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशन. त्यात फक्त चार गोष्टी लागतात: वय, स्त्री की पुरुष, ईजीएफआर आणि एसीआर. त्यातून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट लागण्याची शक्यता टक्क्यांत निघते, आणि नंतर बऱ्याच देशांतल्या लाखो पेशंटांच्या माहितीवर तो तपासूनही झालाय.

आम्ही स्वतः आकडे घालून बघितले. ६० वर्षांचे दोन काका धरा, दोघांचाही ईजीएफआर ३५, म्हणजे ब्लड रिपोर्ट अगदी सारखा. एकाचा एसीआर ३०, तर पाच वर्षांतली शक्यता साधारण सव्वा टक्का. दुसऱ्याचा एसीआर १०००, तर तीच ६ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ पाचपट फरक आणि तो ब्लडमध्ये कुठंच दिसत नाही! म्हणून आम्ही लॅबवाले असूनही सांगतो की भलंमोठं फुल बॉडी पॅकेज घेण्यापेक्षा क्रिएटिनीन आणि एसीआर एवढंच वेळच्या वेळी करा, शुगर-बीपीवाल्यांनी तर वर्षातून एकदा नक्कीच.

हे टक्के डॉक्टर कशाला वापरतात तर पुढची तयारी ठरवायला. पाच वर्षांतली शक्यता ३ ते ५ टक्क्यांवर गेली की किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं, दोन वर्षांतली १० टक्क्यांच्या वर गेली की आहारतज्ज्ञ वगैरे सगळी टीम लागते, आणि दोन वर्षांतली ४० टक्क्यांच्या वर असेल तर फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन), ट्रान्सप्लांटसाठी घरात कोण किडनी देऊ शकेल, ही बोलणी सुरू करायची. हा फॉर्म्युला ईजीएफआर ६० च्या खाली असलेल्या मोठ्या माणसांसाठीच आहे. अचानक जुलाब-उलट्या, ताप किंवा पेनकिलरमुळे किडनी बसली असेल तर तिथं तो लावायचा नाही. आणि ५ टक्के म्हणजे तशाच १०० जणांतल्या पाचांना गरज लागली, त्या पाचांत तुम्ही आहात की नाही हे त्यातून कळत नाही.

जुने रिपोर्ट का मागतो तेही सांगतो. चाळिशीनंतर ईजीएफआर वर्षाला साधारण एकानं कमी होतोच, ते वयाचं. पण सतत वर्षाला पाचपेक्षा जास्त घसरत असेल तर आजार वेगानं पुढं चाललाय. हा वेग एका रिपोर्टमध्ये दिसत नाही, चार-पाच रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडले की दिसतो. १.३ चं १.४ झालं म्हणून लगेच घाबरू नका, एवढा फरक रोजच्या चढउतारात आणि मशीनमध्येही पडतो. प्रत्येक वेळी वेगळ्या लॅबला गेलात तर पद्धत वेगळी असते आणि तुलना बिघडते, तेव्हा एकच लॅब धरा, आमचीच असं नाही, दुसरीकडे करत असाल तर तिकडेच करत राहा. वारीहून चालून आल्यावर किंवा मे महिन्यात उन्हात राबून आल्यावर लगेच टेस्ट केली, त्यात पायदुखीच्या गोळ्या घेतलेल्या, तर क्रिएटिनीन वर येणारच, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून थोड्या दिवसांनी परत करा. बीपीची काही औषधं (रामिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे) किंवा शुगरची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला क्रिएटिनीन थोडं वाढतं, बीपीच्या औषधांत तर पहिल्या महिन्यात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात कारण पुढं हीच औषधं किडनी वाचवतात. रिपोर्ट बघून मनानं गोळी बंद करून वर किडनी साफ करणारा काढा सुरू करणारे लोक आहेत, कृपा करून असं करू नका, काही भस्मांमध्ये शिसं-पारा असतो आणि तो किडनीलाच भोवतो.

बाकीचे ब्लडचे आकडे थोडक्यात. हिमोग्लोबिन, फॉस्फरस, बायकार्बोनेट, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) हे आजार किती पसरलाय, हाडं-रक्त किती बिघडलंय ते दाखवतात. कॅल्शियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि अल्ब्युमिन घालून वरच्याच फॉर्म्युल्याचं आठ गोष्टींचं रूपही आहे. युरिया एकट्यानं फार काही सांगत नाही. पोटॅशियम मात्र ६ च्या वर आलं तर आम्ही संध्याकाळची वाट न बघता फोन करतो, तो फोन उचला.

नवीन मार्करबद्दलही लोक विचारतात, व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून येतात. त्यात तथ्य आहे. २०१२ मध्ये बॉस्टनच्या जोस्लिन सेंटरच्या अभ्यासात दिसलं की डायबेटीसवाल्यांच्या रक्तात टीएनएफआर-१ आणि टीएनएफआर-२ ही प्रथिनं जास्त असतील तर पुढं किडनी लवकर खराब होते, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हे दोन आणि किम-१ असे तीन मार्कर धरून केलेल्या एका टेस्टला परवानगीही दिली, टाइप २ डायबेटीस आणि सुरुवातीची सीकेडी असलेल्यांसाठी. आमच्याकडे ही टेस्ट नाही, आणि ज्यानं अजून एसीआरच केलेला नाही त्यानं त्याच्या मागं लागू नये असं आमचं स्पष्ट मत.

टेस्टला येताना: क्रिएटिनीनसाठी उपाशीपोटी यायची गरज नाही, पाणी प्या, आदल्या रात्री मटण-चिकन टाळा. लघवी सकाळची पहिली आणा, डबी आदल्या दिवशी काउंटरवरून फुकट घेऊन जा, ताप, लघवीला जळजळ किंवा पाळी चालू असेल तर एसीआर पुढं ढकला. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्यानं पोटॅशियम खोटंच वाढून येतं. आणि ज्यांचा ईजीएफआर ३० च्या खाली आहे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी सांगा. पुढं फिस्टुला करायची वेळ आली तर हाताच्या शिरा चांगल्या लागतात, म्हणून अशा पेशंटचं रक्त आम्ही कोपराजवळून न काढता तळहाताच्या मागच्या बाजूनं काढतो, थोडं जास्त दुखतं. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये किंवा दवाखान्यात सलाइन लावतानाही हेच सांगा.