दाजींचं शीड, दाजींचा ट्रॉलर

आमचे दाजी शिडाची बोट विकून ट्रॉलर घ्यायचं म्हणतायत, असं मी बेळगावच्या टिळकवाडीत चार जणांना सांगितलं. चौघांनीही एकच विचारलं, ‘‘ह्या वयात मासे धरणार काय ओ?’’ त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याला ट्रॉलर म्हणजे मालवण-कारवारकडची जाळं ओढणारी बोट. 1 जून ते 31 जुलै ती बंदीमुळं बंदरात पडून असते आणि इथं बांगडा महागतो, एवढाच आपला तिचा संबंध.

दाजींचा ट्रॉलर तो नव्हे. ट्रॉल म्हणजे ओढायचं जाळं. ते जाळं काढून टाका, मासळीच्या कप्प्यात पलंग, स्वयंपाकघर आणि न्हाणी बसवा, बांधा मात्र तसाच दणकट आणि सावकाश चालणारा ठेवा, की झाला राहायचा ट्रॉलर. 1960च्या दशकात हाँगकाँगला बनलेल्या ग्रँड बँक्स बोटींमुळं हा प्रकार नावारूपाला आला. ते नावसुद्धा न्यूफाउंडलंडजवळच्या मासेमारीच्या उथळ समुद्राचंच.

दाजी आणि आक्का अमेरिकेत चेसापीक खाडीच्या काठाला असतात. 38 फुटी शिडाची बोट आहे. आता दाजींचा गुडघा बदललाय, आणि थंडी सुरू झाली की फ्लोरिडाकडं बोटीनंच उतरायचं, तिच्यातच राहायचं, असा बेत आहे. मी गेलो होतो तेव्हा त्यांची बोट आणि विकायला असलेला एक ट्रॉलर, दोन्ही बघितले. माझी सगळी नोकरी उद्यमबागच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळं शिडापेक्षा इंजिनाकडं माझा डोळा जास्त, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला घोटाळा वेगाचा. इंजिनाची म्हणजे पळणारी आणि शिडाची म्हणजे रेंगाळणारी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच मंद. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीला तिची लांबीच आवर घालते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला 1.34नं गुणायचं. 36 फुटांना 8 नॉट, म्हणजे ताशी जेमतेम 15 किलोमीटर. उसाचा भरलेला ट्रॅक्टर बरा. त्यापुढं बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसते. कितीही रेटा, डिझेल जळतं आणि अंतर तेवढंच राहतं. म्हणून एका इंजिनाचा 40 फुटी ट्रॉलर 7 नॉटनं शांतपणे चालवला तर तासाला साधारण 8 ते 10 लिटर पितो, आणि अंगात वारं भरल्यासारखा पळवला तर त्याच्या दुप्पट.

शीड फुकट, हेही खरं नाही. कापड उन्हानं कुजतं, डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा 10-15 वर्षांनी बदलाव्या लागतात. वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही, साधारण 45 अंश तिरकं नागमोडी जावं लागतं. अरुंद कालव्यात तेवढी जागा कुठली? तिथं शिडाची बोटही इंजिनावरच चालते.

पण वाऱ्याला टाकी लागत नाही, ही गोष्ट मोठी. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादेईचं नाव दिलेली नौदलाची 56 फुटी शिडाची बोट घेऊन कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पुढं 2012-13 मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच बोटीतून कुठंही न थांबता ती केली. तेवढ्याच लांबीच्या ट्रॉलरला एवढं डिझेल एकदम भरून नेणं जमायचं नाही. महासागर ओलांडणारे ट्रॉलर असतात, पण ते हजारो लिटरच्या टाक्यांचे, वेगळ्या जातीचे आणि वेगळ्या किमतीचे. बाजारात दिसणारे बहुतेक किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारे.

आता इंजिन. शिडाच्या बोटीत ते अडचणीत कोंबलेलं असतं; फिल्टर बदलायला दाजी पोटावर झोपून हात घालायचे. ट्रॉलरमध्ये मी बसून काम करू शकलो. तिथल्या फिल्टरखालची काचेची वाटी बॅटरी मारून बघितली. तळाला बोटभर पाणी, त्यावर काळपट गाळाची रेघ. ऊस पाजायच्या डिझेल पंपाला असलं झालं तर आपण शिव्या देत घरी चालत येतो. समुद्रात तो गाळ टाकीच्या तळाशी गुमान बसून असतो आणि लाटा उठल्या की ढवळून वर येतो. म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच फिल्टर तुंबतं. शिडाच्या बोटीत अशा वेळी निदान शीड उभारता येतं. एका इंजिनाच्या ट्रॉलरला मागं काही नाही. बोटीचा रंग बघण्याआधी टाकीचा तळ बघा, असं मी दाजींना सांगून आलो.

आक्काची तक्रार वेगळी. शिडाच्या बोटीखाली शिसं किंवा लोखंड भरलेला जड कणा असतो आणि वारा तिला एका कुशीवर टेकवून धरतो. ती कलते, पण कलून स्थिर राहते. शेगडी झुलत्या कड्यांवर टांगलेली असते, चहा सांडत नाही. ट्रॉलरला तो आधार नाही. खाडीच्या तोंडाशी लाटा बाजूनं आल्या तेव्हा आम्ही दहा मिनिटं लंबकासारखे हललो, आणि आक्कानं पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ह्यावर उपाय आहेत. तळाशी हलते पंख बसवतात, नाहीतर दोन्ही बाजूंना दांडे काढून पाण्यात वजनदार पट्ट्या सोडतात. हा दुसरा उपाय मासेमारी बोटींकडूनच आलेला. पंख महाग पडतात आणि साधे पंख बोट चालू असतानाच काम करतात.

बाकी हिशेब ट्रॉलरच्या बाजूनं पडतो. आत उतरायला उभी शिडी नाही, पावसात काचेमागं बसून सुकाणू धरता येतं. बोटीचा तळ पाण्यात कमी उतरतो, सुमारे 4 फूट पाणी पुरतं. दाजींच्या आताच्या बोटीला 6 लागतं. उंचीचंही तसंच. फ्लोरिडाकडं जाणाऱ्या किनारी कालव्यावरचे बहुतेक पक्के, न उघडणारे पूल पाण्यापासून 65 फूट उंच, त्यांच्याखालून दाजींची डोलकाठी पार होते. पण पूर्व अमेरिकेला वळसा घालणारी 6000 मैलांची फेरी करायची तर शिकागोजवळ एक पूल साडेएकोणीस फुटांचा आहे, तिथं शिडाच्या बोटीला डोलकाठी आडवी करावी लागते. धक्क्याला लावताना मात्र ट्रॉलरच्या उंच भिंतींवर वारा बसतो आणि तो खोक्यासारखा सरकतो. दाजींना ह्याचा सराव नाही, त्यांनी कबूल केलंय.

मी म्हटलं, घ्यायच्या आधी आठवडाभर भाड्यानं घ्या. सप्टेंबरात घेणार आहेत. आक्काची अट एवढीच की वारा बाजूनं असेल त्याच दिवशी बोट खाडीबाहेर काढायची, आणि त्या दिवशी चहा दाजींनी करायचा.